शरीराची स्मरणवही

पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेक माणसांच्या दंडावर एक वाटोळा वण दिसतो. रायपूरच्या तात्यापारा या जुन्या मराठी वस्तीत पाहा, नाहीतर नागपूर-पुण्यात. देवीच्या लशीची ही खूण सर्वत्र सारखीच. आपल्या देशात देवीची लस प्रथम टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. पुढे १९७५ च्या मे महिन्यानंतर भारतात देवीचा रुग्ण आढळला नाही आणि १९८० साली साऱ्या जगातून या रोगाचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले.

दंडावरील वण ही बाहेरची खूण. खरी खूण शरीराच्या आत असते. अमेरिकेतील ओरेगॉन येथील संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, लस घेऊन २५ ते ७५ वर्षे लोटलेल्या व्यक्तींचे रक्त तपासले. त्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांच्या शरीरात देवीविरुद्धची प्रतिकारशक्ती शिल्लक होती. टोचलेले द्रव्य तर काही आठवड्यांतच नाहीसे झालेले असते. मग इतकी वर्षे आठवण ठेवते कोण, आणि ती लिहून ठेवली जाते कशी?

संदेशांची देवघेव

बँकेत एका कर्मचाऱ्याने केलेली नोंद दुसऱ्या अधिकाऱ्याने पडताळून मंजूर केल्याखेरीज व्यवहार पुरा होत नाही. शरीरातही अशीच शिस्त आहे. रोगजंतू शिरला की पहाऱ्यावरील पेशी त्याचे तुकडे घेऊन जवळच्या लसिका ग्रंथीत येतात आणि ते ‘टी’ पेशींना दाखवितात. ही झाली ओळख. दोन्ही पेशींचा परस्परांना झालेला विशिष्ट स्पर्श ही त्या ओळखीला मिळालेली संमती. आणि तिसरी गोष्ट म्हणजे रासायनिक संदेश. पेशींनी सोडलेल्या या संदेशवाहक प्रथिनांना ‘सायटोकाइन’ म्हणतात. पुढे काय करायचे, हे बऱ्याच अंशी तेच ठरवितात.

संदेश किती तीव्र, यालाही महत्त्व आहे. येल विद्यापीठातील निखिल जोशी, सुझन केक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले, की इंटरल्युकिन-१२ या संदेशाचा मारा जोरदार असला तर मारक टी पेशी अल्पायुषी लढवय्या बनतात. तो सौम्य असला तर त्यांतून स्मृतिपेशी घडू शकतात. रोग हटल्यावर लढवय्या पेशींपैकी ९० ते ९५ टक्के मरून जातात. उरतात त्या स्मृतीच्या वाटेवरील मोजक्या पेशी. इंटरल्युकिन-७ हा संदेश त्यांना जगवितो, तर इंटरल्युकिन-१५ च्या प्रभावाने त्या अधूनमधून विभागून आपली संख्या कायम राखतात. मूळचे हैदराबादचे रफी अहमद आणि केक यांनी २००३ साली अमेरिकेत केलेल्या संशोधनातून असे दिसले, की इंटरल्युकिन-७ स्वीकारण्याची सोय ज्या पेशींवर असते, त्याच पुढे स्मृतिपेशी होतात. आठवणही आपोआप टिकत नाही. तिला जपावे लागते.

प्रतिपिंडे तयार करणाऱ्या ‘बी’ पेशींचीही हीच गत. साहाय्यक टी पेशींकडून स्पर्शाची संमती आणि इंटरल्युकिन-२१ सारखे संदेश मिळाले, म्हणजे त्या लसिका ग्रंथीत काही आठवडे जणू शिक्षण घेतात. त्यांतील काही स्मृतिपेशी होतात, तर काही अस्थिमज्जेत ठाण मांडून वर्षानुवर्षे प्रतिपिंडे पुरवीत राहतात.

पुण्याची लस, आफ्रिकेची सुटका

या ज्ञानाचे मोल पुण्याने जगाला दाखवून दिले आहे. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेकडील पट्ट्यात मेंदूच्या आवरणाचा दाह करणाऱ्या मेनिंजायटिसच्या साथी वारंवार येत. १९९६-९७ च्या साथीत सुमारे २५ हजार माणसे दगावली. त्या काळी लस नव्हती असे नाही. परंतु ती जंतूच्या शर्करामय कवचापासून बनविलेली होती आणि साहाय्यक टी पेशींना ओळख पटते ती मुख्यतः प्रथिनांची. शर्करेच्या बाबतीत त्या मूक राहतात. त्यांचा संदेश नाही, म्हणून बी पेशींची स्मृतीही नाही. परिणामी ही लस तान्ह्या मुलांना फारशी उपयोगी पडत नसे आणि मोठ्यांतही तिचा प्रभाव काही वर्षांतच ओसरे.

यावरचा उपाय साधा, पण मार्मिक होता. शर्करेला एखाद्या प्रथिनाचे बोट धरून पाठवायचे. बी पेशी ते जोडद्रव्य गिळते, त्यातील प्रथिनाचा तुकडा टी पेशीला दाखविते. टी पेशी संदेश देते आणि शर्करेची आठवण कायमची लिहिली जाते. जागतिक आरोग्य संघटना व ‘पाथ’ या संस्थेच्या प्रकल्पात पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने शर्करेला धनुर्वाताच्या निर्विष केलेल्या प्रथिनाची जोड देऊन अशी लस तयार केली. ६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासो या देशात तिचे व्यापक लसीकरण सुरू झाले. एका मात्रेची किंमत अर्ध्या डॉलरहून कमी होती. पुढे ३० कोटींहून अधिक लोकांनी ती घेतली आणि ‘अ’ गटाच्या जंतूंची साथ त्या पट्ट्यातून जवळजवळ नाहीशी झाली.

आपल्या दाराशी

हेच तंत्र आता आपल्या घराघरांत पोहोचले आहे. न्यूमोनिया घडविणाऱ्या न्यूमोकोकस जंतूलाही शर्करेचेच कवच असते. त्याविरुद्धची प्रथिनजोड लस २०१७ पासून सरकारी लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ मध्ये देशभर उपलब्ध झाली. सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने या वयांत तिच्या मात्रा विनामूल्य दिल्या जातात.

छत्तीसगड व विदर्भाला या लशीचे महत्त्व अधिक आहे, कारण या भागांत सिकल सेलचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. अशा कवचधारी जंतूंना रक्तातून गाळून काढणारी आणि त्यांची स्मृती जपणाऱ्या पेशींना आसरा देणारी प्लीहा या आजारात बालपणीच निकामी होऊ लागते. इतर मुलांना किरकोळ वाटणारा ताप या बालकांच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून त्यांना पेनिसिलिन आणि लशी वेळेवर मिळणे अगत्याचे असते. रायपूर येथे सिकल सेल संस्था कार्यरत आहे आणि १ जुलै २०२३ पासून देशभर या आजाराच्या निर्मूलनाची मोहीमही सुरू आहे. कुटुंबात हा आजार असल्यास बाळाची तपासणी लवकर करून घ्यावी.

दोन मात्रांमधील अंतर हा केवळ कागदी नियम नव्हे, हेही आता ध्यानात येईल. पहिल्या मात्रेने सुरू झालेले पेशींचे शिक्षण पुरे व्हायला काही आठवडे लागतात. पुढची मात्रा त्या शिकलेल्या पेशींना पुन्हा हाक देते. ती चुकली, तर नोंद अर्धवट राहण्याचा धोका असतो. एखादी मात्रा राहून गेली असल्यास संकोच न करता डॉक्टरांना किंवा वस्तीतील मितानिनला विचारावे. बहुतेक वेळा पहिल्यापासून आरंभ न करता राहिलेली मात्रा पुढे घेता येते.

वाचकहो, आपण पासबुक जपतो, ठेवीच्या पावत्या कुलपात ठेवतो. मुलांचे लसीकरण कार्डही त्याच कपाटात, त्याच काळजीने ठेवावे. त्यावरील प्रत्येक तारखेला शरीराने आपल्या वहीत एक ओळ लिहिलेली असते, आणि संकटाच्या दिवशी तीच ओळ कामी येते.