आपलं घर, आपली इमारत – भाग ६ : वरच्या मजल्याची पावलं

मागच्या भागात आपण स्लॅबमधून झिरपणाऱ्या पाण्याविषयी बोललो. आज त्याच स्लॅबमधून उतरणाऱ्या आवाजाविषयी बोलू.

अमरावतीत मी फ्लॅट घेतला तेव्हा वरच्या घरात रोज रात्री दहाच्या सुमारास खुर्च्या ओढल्या जायच्या. मग लहान मुलाची धावपळ सुरू व्हायची. वर्षभर ऐकून घेतलं आणि शेवटी बेडरूमला पीओपीचं फॉल्स सिलिंग करून घेतलं. पैसे गेले, आवाज तसाच राहिला. मग एके संध्याकाळी वर गेलो. वहिनी म्हणाल्या, ‘भाऊ, आमच्या इथं त कोनी आवाजच करत नाही जी.’ त्या खरंच सांगत होत्या. खुर्ची सरकल्याचा आवाज त्यांच्या खोलीत किरकोळ होता. मोठा होत होता तो माझ्या छतावर.

असं का होतं, हे कळलं की उपाय आपोआप सुचतात. इमारतीत आवाज दोन वाटांनी फिरतो. बोलणं, टीव्ही, भजन हे हवेतून येतात. आपल्याकडचा पाच इंची, म्हणजे सुमारे १२५ मिलिमीटरचा स्लॅब चौरस मीटरला ३०० किलोच्या आसपास भरतो. एवढं वजन हवेतल्या आवाजाला हलवता येत नाही. त्यातून जाताना आवाज सुमारे ५० डेसिबलनं उतरतो, म्हणून वरच्या घरातल्या साध्या गप्पा खाली ऐकूच येत नाहीत. ठोक्याचा आवाज मात्र हवेत जन्मत नाही. टाच, खुर्चीचा पाय, निसटलेला वरवंटा थेट फरशीवर आदळतो. फरशी मसाल्यावर घट्ट बसलेली, मसाला स्लॅबला चिकटलेला. काँक्रीटमध्ये कंप फारसा विरत नाही. अख्खा स्लॅब डफासारखा थरथरतो, त्याच्याबरोबर भिंतीही, आणि आपण त्या डफाच्या खाली झोपलेलो असतो.

माझं फॉल्स सिलिंग इथंच फसलं. त्याच्या पट्ट्या त्याच स्लॅबला टांगलेल्या होत्या आणि भिंती तर मोकळ्याच होत्या. वेगळ्या आधारावर उभं केलेलं, आत लोकर भरलेलं छत थोडा गुण देतं. पण खालून केलेला कोणताही उपाय अर्धाच. ठोका जिथं पडतो तिथं, पाऊल आणि स्लॅब यांच्यामध्ये, काही तरी मऊ हवं. म्हणजे औषध वरच्या घरात आहे आणि दुखणं खालच्या.

आपल्या जुन्या घरांत हे मऊपण आपसूक होतं. वऱ्हाडातली धाब्याची घरं आठवा. सागाच्या तुळया, त्यावर फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. तो थर उन्हापावसासाठी होता, पण माडीवरच्या पावलांचा ठोकाही त्यातच जिरायचा. स्कॉटलंडमधल्या जुन्या दगडी इमारतींत लाकडी तक्तपोशीच्या पोटात मुद्दाम राख भरत आणि तिला ‘डेफनिंग’, म्हणजे बहिरं करणं, म्हणत. सिमेंटच्या स्लॅबबरोबर मातीचा तो थर गेला. त्याच्या जागी गुळगुळीत, कडक व्हिट्रिफाइड टाइल्स आल्या.

तो मऊ थर परत आणायचा तर नवं बांधकाम ही सगळ्यांत सोपी वेळ. स्लॅबवर रबराच्या भुग्याची किंवा खास फोमची पाच-दहा मिलिमीटरची चटई अंथरायची, भिंतीलगत तिचा काठ वर वळवायचा, त्यावर जाळी टाकून दोनेक इंचाचा कोबा आणि मग टाइल्स. जमीन जणू स्लॅबवर तरंगते. कठीण ठोक्याचा आवाज यानं २० डेसिबल किंवा अधिकही उतरू शकतो. दहा डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा वाटतो, यावरून हा फरक ओळखा. स्लॅबची जाडी नुसती दुप्पट केली तर साधारण दहाच डेसिबल हाती लागतात. गवंड्याला एक गोष्ट मात्र बजावून सांगा : मसाल्याचा एखादा गोळा जरी कोबा आणि भिंत यांना जोडून गेला, तरी ठोक्याला वाट मिळते. आणि जुन्या इमारतीत हे करायचं असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. दोन इंची कोबा चौरस मीटरला शंभर किलोहून जास्त वजन वाढवतो.

दक्षिण कोरियात अपार्टमेंटमधल्या आवाजावरून भांडणं इतकी वाढली की भिंतींवर उभ्या असलेल्या इमारतींत स्लॅब किमान २१० मिलिमीटरचा हवा, असा नियम झाला. आपल्या २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेतही ध्वनिरोधावर स्वतंत्र विभाग आहे. फ्लॅट घेताना आपण वास्तू विचारतो, पार्किंग विचारतो. फरशीखाली काय आहे, हेही विचारायला हवं.

राहत्या घरात काय करता येईल? खुर्च्या-टेबलांच्या पायांना रबरी बूच किंवा फेल्टच्या टिकल्या लावा. मुलं खेळतात तिथं जाड गालिचा किंवा जुन्या कापसाच्या गादीवर सतरंजी घाला. कापूस आपल्याच मातीतला आहे. ठेचा कुटताना खलबत्त्याखाली दोन-तीन घड्यांचं गोणपाट ठेवा आणि मिक्सरखाली रबराचा तुकडा. मुलाच्या उडीचा ‘धम्म’ यानं पूर्ण जाणार नाही. तो खालच्या पट्टीचा आवाज असतो आणि मऊ थराला कमी दाद देतो. त्यासाठी खेळण्याची वेळच ठरवावी लागते.

आपल्याकडचे आणखी दोन आवाज आहेत. पहिला कुलरचा. अकोल्याचा पारा ४५ च्या घरात गेला की कुलर रात्रभर चालतो आणि लोखंडी स्टँडमधून त्याची थरथर भिंतीत, स्लॅबमध्ये उतरते. स्टँडच्या पायांखाली टायरच्या रबराचे जाड तुकडे द्या, वाकलेलं पातं बदला. कुलरला हवा बाहेर जायला खिडकी उघडी लागते, म्हणून उन्हाळ्यात खिडकी लावून घरातला आवाज आत अडवता येत नाही; टीव्हीचा आवाजच उतरवावा लागतो. दुसरा आवाज मोटारीचा. नळ आले की वेळ-काळ न पाहता पाणी वर चढवावं लागतं. मोटारीखाली रबराचे पॅड, पाइपला रबरी जोड आणि भिंतीतल्या क्लॅम्पमध्ये रबराची पट्टी, एवढ्यानं घरघर बरीच उतरते.

कायद्याचं काय? २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. लाउडस्पीकरसाठी हा नियम कामाचा आहे. खुर्चीसाठी शेजारीच लागतो.

म्हणून मी शेवटी वहिनींना चहाला खाली बोलावलं आणि त्यांच्या मोठ्या मुलाला वर खुर्ची ओढायला सांगितली. तो आवाज ऐकून त्या दचकल्या. दुसऱ्या दिवशी सहा खुर्च्यांच्या चोवीस पायांना बूच बसले. धाकट्याची धावपळ अजून ऐकू येते, पण आता त्याचं नाव मला माहीत आहे.

या आठवड्यात एवढं करा : आपल्या खालच्या घरी जा, दहा मिनिटं बसा आणि आपलं घर खालून कसं ऐकू येतं ते ऐका. पुढच्या भागात चार इंची भिंत आणि तिच्या पलीकडचा शेजार.