हात न लागलेले औषध

शिरेत टोचायच्या औषधाची कुपी निर्जंतुक आहे, हे कशावरून ठरते? रूढ पद्धत अशी, की बॅचमधल्या काही कुप्या फोडायच्या, त्यांतले औषध पोषक माध्यमात घालून 14 दिवस ठेवायचे आणि काही वाढले नाही तर बॅच पास करायची. मोठ्या बॅचमधून साधारण 20 कुप्या घेतात. आता समजा, दर शंभरात एक कुपी दूषित आहे. 20 कुप्यांच्या नमुन्यात तशी एखादी सापडण्याची शक्यता निघते जेमतेम 18 टक्के. दूषित कुपी हजारात एकच असेल, तर 98 टक्के वेळा ती चाचणीतून निसटते. शंभरच कुप्यांची बॅच असेल, तर त्यातल्या 10 चाचणीतच जातात. म्हणून निर्जंतुकता भरतानाच राखावी लागते. नंतरची चाचणी ती निर्माण करू शकत नाही.

पेशी-उपचारांत हा पेच सर्वांत बिकट होतो. आयआयटी मुंबईतून निघालेल्या इम्युनोॲक्ट कंपनीच्या नेक्सकार19 या पेशी-उपचाराला 2023 मध्ये मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्याच टी-पेशी काढून, बदलून त्याला परत देतात. म्हणजे एक रुग्ण, एक बॅच. अशा जिवंत पेशी तापवून निर्जंतुक करता येत नाहीत. 0.22 मायक्रॉनच्या गाळणीत जिवाणू अडकतात, पण त्यांच्याहून कितीतरी मोठ्या पेशीही तिथेच अडकतात. मग उरतो एकच उपाय, तो म्हणजे जंतू आत येऊच न देणे. आणि स्वच्छ खोलीत जंतूंचा सर्वांत मोठा स्रोत असतो माणूस. डोक्यापासून पायापर्यंत झाकलेल्या माणसाच्या त्वचेचेही कण झडतच असतात. कुपी उघडी असते त्या जागी, युरोपीय नियमांनुसार, अर्धा मायक्रॉन वा त्याहून मोठे कण घनमीटरला 3,520 पेक्षा जास्त चालत नाहीत. 2022 मध्ये सुधारलेले आणि ऑगस्ट 2023 पासून लागू झालेले हेच नियम माणसाचा हस्तक्षेप कमी करण्यासाठी आयसोलेटर (बाहेरच्या हवेपासून अलग ठेवलेली बंद पेटी) आणि रोबोंचा विचार करायला सांगतात.

कॅनडात बर्नबीच्या व्हॅनरेक्स कंपनीने (2021 पासून सायटिव्हा कंपनीचा भाग) हा विचार टोकाला नेला. बंद पेटीच्या काचेला हातमोजे बसवायचे, ही जुनी सोय. पण मोज्याला पडलेले टाचणीएवढे भोकही घातक. त्यांनी मोजेच काढून टाकले. आधीच निर्जंतुक केलेल्या कुप्या जाळीत रचून येतात, आत हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ फिरते आणि रोबोचा हात कुप्या उचलून भरतो, बुचे लावतो. बुचे थरथरवत सरकवणारी भांडी नाहीत, लांबलचक पट्टे नाहीत. वेगात मोठ्या कारखान्याशी त्याची बरोबरी होणार नाही, पण लहान बॅचला वेग लागतो कशाला? लागते ती दर वेळी तीच, तशीच हालचाल.

आक्षेप खरे आहेत. आत कुपी आडवी पडली तर हात घालून ती उभी करता येत नाही; प्रसंगी बॅच टाकावी लागते. पण अशा वेळी आत गेलेला हातच तर धोका असतो. यंत्र महाग आहे, हेही खरे. मात्र बंद आयसोलेटरभोवतीच्या खोलीला कमी कडक दर्जा चालतो, आणि हवा शुद्ध ठेवण्याचा रोजचा खर्च कमी होतो. सर्वांत गंभीर आक्षेप निष्काळजीपणाचा. 2012 मध्ये अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड कंपाउंडिंग सेंटरच्या स्टेरॉइड इंजेक्शनांतून बुरशी पसरली, 750 हून अधिक लोक आजारी पडले आणि 60 हून अधिक दगावले. तिथे निर्जंतुकीकरणाचे नियमच पाळले नव्हते. रोबो असता तरी तो ही माणसे वाचवू शकला नसता. तेव्हा पेशी-उपचारांसाठी सार्वजनिक पैसा देणाऱ्यांनी यंत्राबरोबरच त्याची कसून तपासणी करणाऱ्या निरीक्षकांचीही तरतूद करावी.