पणजोबांचं पेन खरं बोलतं!

घरात जुनं ‘पार्कर ५१’ सापडलंय? पॉलिशला द्यायच्या आधी बॅरल भिंगाखाली धरा. अमेरिकन पेन असेल, तर ‘मेड इन यूएसए’शेजारी बारीक आकडा असू शकतो. तो वर्षाचा शेवटचा अंक. घासलात की गेला!

माझ्या पणजोबांच्या पेनावर ‘१’ आहे. म्हणजे १९४१ की १९५१? इथे शाई भरायची सोय बघायची. १९४१ चं असेल, तर बॅरलच्या टोकाची छोटी टोपी काढून दट्ट्या दाबावा लागतो. १९४८ पासून नवी पद्धत आली: बॅरल उघडायचं, आतल्या धातूच्या नळीवरची पट्टी दाबायची. (टोपणावर भरवसा नको, ती सर्रास बदललेली असतात.)

आमच्यात पट्टी निघाली. म्हणजे १९५१. घरात मात्र सगळे सांगतात, पेन लग्नात सासऱ्यांनी दिलं. लग्न १९४२ चं! मग दिलं कुणी?