भूक गेली, प्रथिनांचं काय?

कीटो आहार सुरू करून आठ-दहा दिवस झाले की लोक कौतुकाने सांगू लागतात, ‘अगं, आता भूकच लागत नाही!’ ते खोटं नसतं. पण त्यावरून पुढे जे निष्कर्ष काढले जातात, ते तपासून पाहायला हवेत.

गैरसमज : भूक लागत नाही, म्हणजे शरीराला सगळं मिळतंय.

वजन घटू लागलं की जठरातून ग्रेलिन हे भुकेचं संप्रेरक जास्त स्रवतं. शरीर कीटोसिसमध्ये, म्हणजे कर्बोदकांऐवजी चरबीपासून बनलेल्या कीटोनवर चालत, असेपर्यंत ही वाढ दबलेली राहते, नेहमीचं जेवण सुरू झालं की पुन्हा डोकं वर काढते. म्हणजे कीटोसिसमध्ये भुकेचा आवाज बसतो. गरज मात्र जिथल्या तिथे असते. स्नायू, त्वचा, केस, विकरं यांची रोजची झीज भरून काढायला प्रथिनं लागतातच, आणि ती कमी पडली म्हणून पोटात कावळे ओरडतीलच असं नाही.

शाकाहारी घरातला कीटोचा एक दिवस पाहा. सकाळी लोणी घातलेली कॉफी. दुपारी तुपावर परतलेला फ्लॉवरचा ‘भात’ आणि त्यात पनीरचे ५० ग्रॅम तुकडे. चार वाजता दहा बदाम. रात्री पालक, वर चीजची एक चकती. पोट तुडुंब. पण पनीरमधून ९-१० ग्रॅम, बदामांतून जेमतेम अडीच, चीजमधून चार आणि भाज्यांमधून सात-आठ ग्रॅम धरली, तर प्रथिनांची बेरीज पंचविशीच्या आसपासच थांबते. लोणी आणि तूप यांच्या नावापुढे जवळजवळ शून्य. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला रोज दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत. साठ किलोच्या बाईला ५० ग्रॅम. इथे निम्म्यावरच गाडी अडली. त्यातून वजन कमी करताना स्नायू टिकवायचे तर आहारतज्ज्ञ सहसा किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम सांगतात, म्हणजे तिला ७२ ते ९६ ग्रॅम.

मासे-अंडी खाणाऱ्यांचं त्या मानाने सोपं. एका अंड्यात सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम बांगड्यात किंवा चिकनमध्ये वीसच्या आसपास. शाकाहाऱ्याची खरी अडचण वरणात आहे. तीस ग्रॅम तूरडाळीच्या वाटीतून साडेसहा ग्रॅम प्रथिनं मिळतात, पण सोबत सतराएक ग्रॅम कर्बोदकंही येतात. कीटोत कर्बोदकांची दिवसाची मर्यादा २० ते ५० ग्रॅमची असताना हे महागात पडतं. मग उरतात पनीर, टोफू, घट्ट दही आणि सोया वड्या, त्याही मोजून. मला विचाराल तर वरणावर जीव असलेल्या माणसाने इतक्या कडक कीटोच्या वाटेला जाऊच नये.

गैरसमज : कीटोत प्रथिनं कमीच खायची असतात, नाहीतर त्यांची साखर होते.

याचं मूळ रुग्णालयात आहे. १९२१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे रसेल वाइल्डर यांनी अपस्माराच्या रुग्णांसाठी हा आहार सुचवला आणि त्याला ‘कीटोजेनिक’ हे नाव दिलं. त्याच्या रूढ स्वरूपात चार भाग स्निग्ध पदार्थांना प्रथिनं आणि कर्बोदकं मिळून एकच भाग असतो. जवळपास ९० टक्के ऊर्जा स्निग्धांतून येते आणि प्रथिनं मुलाच्या वाढीला लागतील तेवढीच मोजून दिली जातात. झटके थांबवायचे म्हणून घातलेली ती शिस्त. पोट कमी करायला निघालेल्या चाळिशीतल्या माणसाने ती अंगावर घ्यायचं कारण नाही.

यकृत प्रथिनांपासून ग्लुकोज बनवतं हे खरं. पण किती बनवायचं हे मुख्यतः शरीराच्या गरजेवर ठरतं, ताटात किती पडलं यावर कमी. फ्रान्समधल्या एका प्रयोगात उपाशीपोटी चार अंडी, म्हणजे २३ ग्रॅम प्रथिनं, खायला दिली. पुढच्या आठ तासांत शरीराने सुमारे ५० ग्रॅम ग्लुकोज तयार केलं आणि त्यातलं अंड्यांच्या प्रथिनांतून आलेलं होतं अवघं चार ग्रॅम. प्रथिनं फारच वाढवली तर कीटोन थोडे उतरू शकतात. त्या भीतीने दुसरं अंडं परत ठेवण्यात काही शहाणपण नाही.

गैरसमज : कीटोवर माणूस आपोआप कमी खातो.

इथे पुरावा दोन्ही बाजूंनी बोलतो. स्कॉटलंडमधल्या २००८ च्या अभ्यासात १७ स्थूल पुरुषांना कीटो आणि त्याहून जास्त कर्बोदकांचा असे दोन आहार आळीपाळीने दिले. दोन्हींत ३० टक्के ऊर्जा प्रथिनांची होती. कीटोवर भूक कमी लागली आणि रोज दीडशेहून थोड्या जास्त कॅलरी कमी खाल्ल्या गेल्या. उलट अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत संशोधक केव्हिन हॉल यांनी २० जणांना दोन-दोन आठवडे कीटो आणि कमी स्निग्धांचा, वनस्पतिजन्य अशा दोन आहारांवर ठेवलं, हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. कमी स्निग्धांच्या, वनस्पतिजन्य आहारावर लोकांनी कीटोपेक्षा रोज जवळपास सातशे कॅलरी कमी खाल्ल्या, आणि भुकेची तक्रार दोन्हींकडे सारखीच. कीटोवर काटा जास्त उतरला, पण त्यातली बहुतेक घट चरबीची नव्हती. या प्रयोगात प्रथिनांचा वाटा १४ टक्क्यांच्या आसपासच होता, हे लक्षात ठेवण्याजोगं.

जास्त प्रथिनांनी मूत्रपिंडं खराब होतात का, हाही नेहमीचा प्रश्न. निरोगी मूत्रपिंडांना वर सांगितलेल्या प्रमाणाचा त्रास होत नाही. क्रिएटिनिन वाढलेलं असेल, तर मात्र आधी तपासणी, मग आहार.

आणि भूक जाणं प्रत्येक वेळी कीटोसिसचंच लक्षण नसतं. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांना कीटो आहारावर कीटोॲसिडोसिस, म्हणजे कीटोन साठून रक्त धोकादायक आम्लधर्मी होण्याचा विकार, होऊ शकतो, तोही रक्तातली साखर फारशी वाढलेली नसताना. अन्नावरची वासना जाणं, मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप ही त्याची लक्षणं. अशा वेळी घरचा ग्लुकोमीटर चांगला आकडा दाखवतोय म्हणून थांबू नका, गोळ्यांची पट्टी हातात घेऊन थेट रुग्णालय गाठा.