बीआरटी ते दुमजली पूल

सायकलींचं शहर ही पुण्याची ओळख जाऊन इतकी वर्षं झाली, की ती अभिमानाने सांगणाराही आता दुचाकीवरूनच आलेला असतो. १९७२ मध्ये बजाजची ‘चेतक’ आली. तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबले, पुढे नंबर लावायची गरजच उरली नाही. २०१८ मध्ये आरटीओच्या नोंदींत वाहनं ३६ लाखांवर गेली आणि शहरात माणसांपेक्षा गाड्या जास्त, अशी बातमी झाली.

या गाड्या जिला हातभार लावतात ती तापमानवाढ पुण्याला परकी गोष्ट नाही. जगाच्या हवामान अहवालांसाठी भारताचं स्वतःचं प्रारूप चालवणारी हवामान संशोधन संस्था, आयआयटीएम, पाषाण रस्त्यावरच आहे. लिटरभर पेट्रोल जळलं, की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, एवढा हिशेब तर शाळकरी पोरंही करतील. प्रश्न अज्ञानाचा कधीच नव्हता.

डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर देशातला पहिला बीआरटीचा, म्हणजे जलद बससेवेचा, प्रयोग सुरू झाला. बसला रस्त्याच्या मधोमध स्वतंत्र मार्गिका, कडेला सायकल मार्ग. कागदावर छानच. प्रत्यक्षात सातारा रस्त्यावरच्या सायकल मार्गावरून जाऊन पाहा : पेव्हर ब्लॉक उचकटलेले, पुढे महावितरणचा डीपी, मग वडापावची गाडी आणि तिच्याभोवती लावलेल्या दुचाकी. बसच्या मार्गिकेत घुसणाऱ्यांना फार काळ कुणी अडवलं नाही. ‘बीआरटीमुळे कोंडी होते’ ही ओरड मात्र थांबली नाही. पुढे नगर रस्त्यावरची मार्गिकाही उखडली गेली. २००७ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवडची बससेवा एकत्र करून पीएमपी स्थापन झाली, २०१९ पासून ई-बसही आल्या. त्या चार्ज होतात ती वीज बरीचशी कोळशाचीच, हे खरं. तरी भरलेली बस केव्हाही परवडली.

माझ्या मते या सगळ्या काळातली कळीची गोष्ट बस नव्हे, पार्किंग. प्रदूषण करणाऱ्याने त्याची किंमत मोजावी, हे जगभर कार्बन कराच्या नावाने चाललेलं तत्त्व पुण्यात मार्च २०१८ मध्ये पार्किंग धोरण म्हणून महापालिकेच्या मुख्य सभेत आलं. रस्त्यावर गाडी लावायची तर पैसे द्या, एवढीच मागणी. लगेच विरोध सुरू झाला. काटछाट होत होत धोरण प्रायोगिक तत्त्वावर पाच रस्त्यांपुरतं उरलं आणि तिथेही घोडं पेंड खात राहिलं. शहरातल्या जागेचा चौरस फुटाचा भाव तोंडपाठ असलेल्या पुणेकराला रस्त्याची जागा मात्र फुकटच हवी असते. आणि नगरसेवकाला तोच पुणेकर मतदार म्हणून हवा असतो.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, माणसं गेली. एका रात्रीच्या पावसाचं खापर थेट दुचाकींवर फोडता येणार नाही. पण तापलेल्या हवेत बाष्प जास्त मावतं, आणि ओढ्याचं पात्र आवळलेलं असेल तर पावसाचं पाणी घरातच शिरतं. त्यानंतर चर्चा झाली ती मुख्यतः ओढ्याकाठच्या सीमाभिंतींची.

मार्च २०२२ मध्ये मेट्रो धावू लागली. त्याआधीच, २०२० मध्ये, विद्यापीठ चौकातले जुने उड्डाणपूल पाडले होते. तिथे वर हिंजवडीची मेट्रो, खाली गाड्या, असा दुमजली पूल ठरला. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यातला पहिला भाग खुला झाला, तो गाड्यांचा.