बिकट काळात टिकणारा कार्यगट : कडवंचीचे उदाहरण

कार्यालय असो, कारखाना असो वा रुग्णालय, एकत्र काम करणाऱ्यांचा गट चांगल्या दिवसांत एकसंध भासतो. त्याची कसोटी लागते ती मागणी घटल्यावर, वेतन रखडल्यावर किंवा एखादा जाणता सहकारी अकस्मात नोकरी सोडून गेल्यावर. असा गट आधीच कसा घडवावा, हे समजून घेण्यासाठी आम्हांला व्यवस्थापनशास्त्राच्या ग्रंथांपेक्षा जालना जिल्ह्यातील कडवंची हे गाव अधिक उपयोगी वाटते.

अवर्षणप्रवण मराठवाड्यातील ह्या गावात १९९६ च्या सुमारास इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाची कामे सुरू झाली. नाबार्डचे साहाय्य आणि खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्राचे मार्गदर्शन त्यांस लाभले. ह्या कार्यक्रमाचे प्रणेते होते स्वित्झर्लंडहून भारतात आलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मन बाखर, ही बाब आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल.

पाणलोटाचे काम 'माथा ते पायथा' ह्या क्रमाने करावे लागते. प्रथम डोंगरमाथ्यावर समतल चर खणायचे, मग उतारावर बांधबंदिस्ती आणि सर्वांत शेवटी नाल्यावरील बंधारे. वरून वाहून येणारी माती न अडवता बंधारा बांधला, तर तो गाळाने भरून जातो. परंतु गावाला बंधारा आधी हवा असतो! विहिरींना पाणी खालच्या शेतांत येते, घाम मात्र आधी माथ्यावर गाळावा लागतो. त्यातच चराईबंदी आली की शेळ्या राखणाऱ्या भूमिहीनाचे नुकसान पहिल्याच दिवसापासून सुरू होते. म्हणून ग्रामसभेने निवडलेल्या पाणलोट समितीत भूमिहीन व स्त्रिया यांनाही स्थान देण्याचा आणि गावकऱ्यांनी श्रमदान करण्याचा दंडक ह्या कार्यक्रमात होता. ज्याला झळ बसणार, त्याचे मत आधी घेतले जावे, हा त्यामागील हेतू.

आमच्या मते बहुतेक कार्यगट नेमके येथेच दुबळे ठरतात. रात्रपाळी कोणाला, कपात कोणाची, हे वरिष्ठ ठरवतात आणि कंत्राटी कामगाराला ते सूचनाफलकावरून कळते. मग एकोप्यावर व्याख्याने ठेवून काय साधणार? पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या 'लाबोरेम एक्सर्चेन्स' ह्या परिपत्रकात श्रम माणसांना एकत्र आणतो असे प्रतिपादन केले. पण त्याच परिपत्रकात भांडवलापेक्षा श्रमाला प्राधान्य आहे, हेही निक्षून सांगितले आहे. पहिले विधान आवडीने सांगितले जाते, दुसरे क्वचित.

२०१२ च्या भीषण दुष्काळात कडवंचीच्या शेतकऱ्यांनी शेततळ्यांत साठवलेल्या पाण्यावर द्राक्षबागा जगवल्या. कामाच्या ठिकाणी शेततळे म्हणजे काय? एकाचे काम जाणणारा दुसरा माणूस. रुग्णालयातील एकाच परिचारिकेला औषधसाठ्याची माहिती असेल, तर तिच्या रजेच्या पहिल्याच दिवशी सारा विभाग अडतो. ती माहिती दुसरीला देण्यास आठवड्यातून एखादा तास पुरतो. मात्र तो तास कामाच्या वेळेतूनच द्यावा लागेल, तिच्या विश्रांतीतून नव्हे.