मालमोटारीची प्रतिकृति

लांकूड, पुठ्ठा व माती यांच्या प्रतिकृति आमच्या विद्यार्थ्यांनीं हस्तव्यवसायाच्या तासास केल्या असतीलच. आज आम्हीं ज्या प्रतिकृतीविषयीं लिहिणार आहों ती प्लॅस्टिकची असते व तिचे शेंदीडशें तुकडे एका पेटींत भरून विकत मिळतात. पेटीवर चकचकीत मालमोटारीचें रंगीत चित्र आणि आंत मात्र रंगहीन तुकड्यांचा ढीग, हें पाहून पुष्कळ पालक कपाळास आठ्या घालतात. मोडलेलें खेळणें पैसे देऊन आणावें आणि मुलानें तें जोडीत बसावें, हा कोठला व्यवहार, असें एका गृहस्थांनीं आम्हांस विचारलेंही होतें. प्रश्न रास्त आहे. पेटींतील कागद पाहून तुकडे एकास एक चिकटविणें एवढाच या छंदाचा अर्थ असता, तर आम्हीही त्याची शिफारस केली नसती. परंतु आपण केलेली मोटार खऱ्या मोटारीसारखी दिसली पाहिजे अशी ईर्ष्या एकदां मुलाच्या मनांत उत्पन्न झाली, कीं खरी मोटार चालते कशी, हें समजून घेतल्यावांचून त्याची सुटका नसते. कागदावर न सांगितलेल्या लहानसहान गोष्टी भरण्याचें हें जें काम, त्याविषयींच मुख्यतः आम्हांस सांगावयाचें आहे.

उदाहरणास एकच मोटार घेऊं. अमेरिकेंत पीटरबिल्ट नांवाच्या मालमोटारी प्रसिद्ध आहेत. टॅकोमा शहरचा पीटरमन नांवाचा लांकडाचा व्यापारी, आपले ओंडके वाहून नेण्यास योग्य मोटारी हव्यात म्हणून, ऑकलंड येथील फाजोल हा बुडीत निघालेला कारखाना विकत घेऊन १९३९ सालीं मोटारी बनवूं लागला. तेथून या नांवाचा आरंभ झाला. त्या कारखान्याची ३५९ क्रमांकाची मोटार १९६७ पासून १९८७ पर्यंत निघत होती. लांब चौकोनी नाक, दोन्ही बाजूंस उभीं चकचकीत धुराडीं व मागें आठ चाकें, असें तिचें रूप. तिची प्रतिकृति ए. एम. टी. या मिशिगन प्रांतांतील कंपनीनें १९७० च्या सुमारास काढली आणि 'कॅलिफोर्निया हॉलर' या नांवानें ती घरोघरीं गेली. प्लॅस्टिकच्या प्रतिकृति त्यापूर्वींही होत्या. इंग्लंडांतील एअरफिक्स कंपनीचा पहिला संच १९४९ सालचा, फर्ग्युसन ट्रॅक्टरचा होता. परंतु मोठ्या मालमोटारींस या छंदांत मानाचें स्थान मिळालें तें मागाहून.

प्रमाण ही यांतील पहिली विद्या होय. ए. एम. टी.ची मोटार एकास पंचवीस या प्रमाणाची आहे, म्हणजे खऱ्या वस्तूचे पंचवीस सेंटिमीटर येथें एक सेंटिमीटर होतात. इटलींतील इटालेरी कंपनीच्या मोटारी एकास चोवीसच्या. हा फरक क्षुल्लक वाटेल. पण सहा मीटर लांबीची वस्तु एका प्रमाणांत चोवीस व दुसऱ्यांत पंचवीस सेंटिमीटर भरते, आणि एका संचाचें पुढचें वाहन दुसऱ्याच्या ट्रेलरास जोडलें तर जाणत्यास तें खटकतें. खरें चाक सुमारें एक मीटर उंच, तें येथें चार सेंटिमीटर. आतां रंगाचा हिशेब पाहा. ब्रशानें जाड रंग फासला आणि त्याचा थर मिलीमीटरचा दहावा भाग झाला, तर खऱ्या मोटारीवर तो अडीच मिलीमीटर जाड झाल्यासारखा आहे! दाराच्या फटी व खिळ्यांचीं डोकीं त्याखालीं बुजून जातात. म्हणून पातळ रंगाचे दोनतीन हात द्यावे, असें जें सांगतात तें केवळ नीटनेटकेपणासाठीं नव्हे. त्यास त्रैराशिकाचा आधार आहे.

हे तुकडे पॉलिस्टायरीन नांवाच्या प्लॅस्टिकचे असतात. तें तापवून पातळ करितात व मोठ्या दाबानें पोलादी साच्यांत भरितात; निवालें कीं साचा उघडून भाग बाहेर काढितात. ज्या वाटांनीं तें साच्यांत शिरलें त्या वाटांच्या काड्याही भागांबरोबर निघतात, म्हणून सगळे भाग झाडाच्या फांदीस फळें लागावीं तसे लगडलेले दिसतात. भाग हातानें पिळून तोडूं नये. बारीक कटरनें कापावा व उरलेलें टोंक कानशीनें घासावें. साच्याचे दोन अर्धे जेथें मिळतात तेथें प्रत्येक भागावर एक बारीक रेघ उमटते. धुराड्यावर किंवा आंसावर ती राहिली तर कितीही सुंदर रंग दिला तरी खेळणें तें खेळणेंच दिसतें. जुन्या साच्यांतून पुनःपुन्हा काढलेल्या संचांत ही पीडा अधिक, कारण साचा झिजला कीं फटींतून प्लॅस्टिकचे पातळ पापुद्रे बाहेर येतात. कंटाळवाणें काम आहे खरें, परंतु तें टाळून पुढें गेलेल्या मुलाची मोटार आम्हांस दुरून ओळखूं येते.

जोडण्याचें द्रव्य हें खरोखर खळ किंवा डिंक नव्हे. तें प्लॅस्टिकासच विरघळवितें. दोन्ही कडा मऊ होऊन एकमेकींत मिसळतात व द्रव उडून गेला म्हणजे सांधा एकजीव होतो. म्हणून दोन्ही भाग आधीं नीट बसवून धरावे आणि बारीक ब्रशानें फटीच्या तोंडाशीं थेंबभर द्रव लावावा. तो आपोआप आंत शिरतो. याची वाफ डोक्यास चढते व ती ज्वालाग्राहीही आहे. खिडकी उघडी ठेवावी, दिवा किंवा स्टोव्ह जवळ नसावा, आणि लहान मुलांजवळ वडील माणसानें बसावें. कटरच्या बाबतींतही हाच नियम.

चॅसी जोडतांना मात्र घाई कामास येत नाहीं. दोन लांब तुळ्या व त्यांस जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, एवढाच तो सांगाडा. पण त्यास किंचित् पीळ पडला कीं दहा चाकांपैकीं एखादें अधांतरीं राहतें. एक मिलीमीटर उचललेलें चाक म्हणजे प्रत्यक्षांत जमिनीपासून एक इंच वर तरंगणारें चाक! सपाट कांचेवर चॅसी ठेवून, वर वहीपुस्तकांचें ओझें देऊन ती रात्रभर वाळूं द्यावी.

आतां एंजिन. मोटारगाड्यांच्या प्रतिकृति केलेलीं मुलें येथें हमखास फसतात. मोटारगाडीच्या पेट्रोल एंजिनास ठिणगीसाठीं तारा लावाव्या लागतात, म्हणून तशाच त्या येथेंही हौसेनें लावितात. परंतु मालमोटारीचें एंजिन डीझेलचें. त्यांत ठिणगी नाहींच. नळकांड्यांतील हवा इतकी दाबली जाते कीं ती तापून लाल होण्याजोगी ऊष्ण होते, व तींत तेलाचा फवारा पडतांच तेल आपोआप पेट घेतें. रुडॉल्फ डीझेल यानें १८९७ सालीं जर्मनींत आउग्सबुर्ग येथें हें एंजिन यशस्वी करून दाखविलें. तेव्हां येथें तारा नकोत, तेलाच्या बारीक नळ्या हव्यात. पीटरबिल्टमध्यें गिऱ्हाईक मागेल त्या कारखान्याचें एंजिन बसवून मिळे. कॅटरपिलरचें पिवळें, डेट्रॉइट डीझेलचें बहुधा हिरवें. आपल्या पेटींतील एंजिन कोणतें हें ओळखल्याशिवाय त्यास रंग देणें म्हणजे उत्तर न वाचतां गुण देण्यासारखें आहे.

या सर्वांहून मनोरंजक भाग म्हणजे ब्रेकच्या नळ्या. पुढचें ओढणारें वाहन व मागचा ट्रेलर यांच्यामध्यें दोन रंगीत नळ्या लोंबतांना आपण चित्रांत पाहतों. बहुतेक संचांत त्यांचा पत्ता नसतो, असल्या तर त्या काडीसारख्या ताठ असतात. त्या कशासाठीं?

एवढ्या जड वाहनाचा ब्रेक केवळ पायाच्या जोरानें लागणें शक्य नाहीं. एंजिनाच्या शक्तीनें चालणारा कॉम्प्रेसर हवा दाबून चॅसीखालच्या टांक्यांत भरून ठेवितो. चालकाचा पाय त्या हवेस केवळ वाट मोकळी करून देतो व हवा चाकांवर ब्रेक दाबते. दोन नळ्यांपैकीं लाल नळीनें ट्रेलरच्या टांकीस सतत हवा पुरविली जाते. निळी नळी चालकाच्या पायाचा हुकूम मागें पोंचविते. आतां समजा, घाटांत लाल नळी तुटली. ब्रेक निकामी होऊन ट्रेलर दरींत जाईल, असें आपणांस वाटेल. घडतें उलट. लाल नळींतील दाब नाहींसा होतांच ट्रेलरचे ब्रेक आपोआप घट्ट बसतात आणि गाडी थांबते. हवा आहे तोंवरच चाकें मोकळीं, अशी ही योजना आहे. तिचें मूळ आगगाडींत सांपडतें: जॉर्ज वेस्टिंगहाउस यानें १८६९ सालीं हवेचा ब्रेक केला तेव्हां नळी तुटली कीं ब्रेक जात असे, तीनच वर्षांनीं त्यानें ही उलटी युक्ति काढली, व डबे सुटले तरी ते आपोआप थांबूं लागले. कित्येक प्राण या एका उलटापालटीनें वांचले असतील.

हें समजलें म्हणजे नळ्या कशा बसवाव्या हें निराळें सांगावें लागत नाहीं. त्यांचें एक टोंक टांक्यांकडे जाणारें हवें, हवेंत सुटलेलें नको. त्यांस सैल झोल हवा, कारण वळणावर पुढचें वाहन तिरपें होतें व एका बाजूचें अंतर वाढतें. ताठ नळी तेथें तुटेल. रंगही देशाप्रमाणें बदलतो. अमेरिकेंत लाल व निळी, युरोपांत लाल व पिवळी. इटालेरीच्या युरोपीय मोटारीस निळी नळी लावलेली आम्हीं एका प्रदर्शनांत पाहिली. कारागिरी उत्तम होती, पण ती मोटार कोठल्याच देशांत चालली नसती! नळीची जाडी सुमारें दोन सेंटिमीटर धरल्यास येथें ती एक मिलीमीटरहून किंचित् कमी येते. टेलिफोनच्या जुन्या केबलींतील रंगीत तार या कामीं उत्तम. शेवटच्या जोडास इंग्रजींत हस्तांदोलनावरून नांव पडलें आहे, कारण ते दोन तुकडे एकमेकांचा पंजा धरल्यासारखे अडकतात.

मोटारीच्या नाकाविषयींही थोडें सांगूं. अमेरिकेंत पूर्वीं अनेक संस्थानांत वाहन व ट्रेलर मिळून एकूण लांबीस मर्यादा होती. ट्रेलरास जागा अधिक मिळावी म्हणून चालकाची खोली एंजिनाच्या वर चढवून सपाट तोंडाच्या मोटारी करीत. १९८२ च्या कायद्यानें मुख्य राजमार्गांवर ही एकूण लांबीची अट काढली, तेव्हां लांब नाकाच्या मोटारींचा वरचष्मा झाला. युरोपांत एकूण लांबी मोजतातच, म्हणून तेथील मोटारी सपाट तोंडाच्या राहिल्या. पेटींतील तुकड्यांच्या आकारामागें असा कायदा दडलेला असतो, हें पाहून आम्हांस मौज वाटते.

चकचकीत भागांवर अल्युमिनियमचा अतिशय पातळ मुलामा असतो. त्यावर जोडद्रव लावल्यास सांधा धरत नाहीं. जोडाच्या जागेपुरता मुलामा खरवडून काढावा. कांचेस झटपट चिकटणारा गोंद लावूं नये, त्याच्या वाफेनें ती धुरकट होते. पांढरा गोंद पुरे. मऊ टायर वर्षानुवर्षें प्लॅस्टिकास टेकून राहिल्यास त्यांतील द्रव्य बाहेर येऊन प्लॅस्टिक वितळतें, म्हणून मध्यें रंगाचा थर असावा.

रंग झाल्यावर मोटार जुनी व मळलेली दिसावी म्हणून तीवर धूळ, काजळी व गंज रंगविण्याची चाल आहे. आम्हांस ती आवडते, पण तींत फार अतिरेक चालतो. मुलें तपकिरी रंग हातीं आला कीं सगळीकडे गंज चढवितात. पीटरबिल्टची चालकाची खोली अल्युमिनियमची, तेलाच्या टांक्याही बहुधा त्याच धातूच्या. अल्युमिनियम काळवंडेल, पांढुरकें पडेल, पण तांबडें गंजणार नाहीं. गंज दाखवावयाचा तो पोलादी चॅसीच्या कोपऱ्यांवर व पाट्यांवर दाखवावा. काजळी धुराड्याच्या तोंडाशीं, चिखल चाकांच्या मागें, आणि ट्रेलर ज्या चकतीवर टेकतो व फिरतो तीवर काळें ग्रीस. त्या ग्रिसांतून घासून उघडा पडलेला पोलादाचा चकचकीत पट्टा ज्यास दाखवितां आला, त्यानें खरी मोटार जवळून पाहिली आहे असें खुशाल समजावें.

अमेरिकन मोटार पाहावयास आपण कोठें जाणार, असें कोणी म्हणेल. छायाचित्रें विपुल आहेत; आणि हवेचे ब्रेक, पाटे, ग्रीस व धूळ हीं आपल्या राजमार्गावरही आहेत. पेट्रोलपंपावर उभ्या असलेल्या मोटारीच्या चालकास विनंति करून, वडिलांस बरोबर घेऊन, खालून एकवार पाहावें. चाकाखालीं मात्र डोकें घालूं नये. ज्यांचा हात बसला आहे त्यांनीं पेटी सोडून प्लॅस्टिकच्या पत्र्यांतून आपल्याकडील मोटार करून पाहावी. जमशेदपूर येथें १९५४ पासून टाटांनीं जर्मन बेंझ कंपनीच्या साहाय्यानें मालमोटारी बांधण्यास आरंभ केला, त्या जुन्या मोटारीचें गोलसर नाक करण्यास कठीण आहे, पण मागचा हौदा सोपा. कारखान्यांतून बहुधा चॅसीच येई व हौदा गांवचे सुतार लांकडाचा बांधीत. त्यासाठीं प्लॅस्टिकही नको. आईसक्रीमच्या चपट्या काड्या उभ्या चिरून घेतल्या, कीं एकास पंचवीसच्या प्रमाणांत त्यांच्या उत्तम फळ्या होतात.